व्होल्टांत घासाघीस नाही

रामटेके मॅडमनी भर मांडवात, माईकवरून, माझे वीस हजार व्होल्ट कापले. ही गोष्ट मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. हातगाडीवर भंगार गोळा करत मी सुरुवात केली आणि भिलाईजवळच्या हथखोजमध्ये मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप उभं केलं, ते समोरच्याचा पहिला आकडा कधीही मान्य न करून. प्रत्येक आकड्याला पोट असतं, बरोबर जागी दाबलं की तो हलतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. या एका बाईंच्या आकड्याला पोटच नव्हतं.

पहिल्यांदा त्या दुकानात आल्या त्या स्कूटरवरून, पांढरं हेल्मेट घालून. स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल टेस्टिंग लॅबमध्ये होत्या. उंच, धिप्पाड, आणि चालणं असं की फाटकातून बाई येतेय की तपासणीचं पथक, असं वाटावं. हेल्मेट माझ्या काउंटरवर, माझ्या चहाच्या कपाला खेटून ठेवलं आणि म्हणाल्या, "बारीक तांब्याची तार पाहिजे. इनॅमलची. अख्खं रीळ."

"कोणता गेज, मॅडम?"

"अठ्ठावीस."

मी रीळ काढून समोर आदळलं. "घ्या. एकदम अठ्ठावीस."

"मोजलं का?"

"लेबल आहे ना त्यावर."

"लेबलानं मोजलं का?"

पिशवीतून त्यांनी चष्म्याचं घर काढलं. त्यात चष्मा नव्हता, मायक्रोमीटर होता. माझ्याच काडेपेटीतली काडी ओढून तारेचं टोक जाळलं, इनॅमल पुसलं आणि तार मायक्रोमीटरच्या जबड्यात धरली. "हे तीस आहे, भाऊ."

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. मी म्हणालो, "तुमचं माप बिघडलं असंन."

यावर त्या हसल्या. त्यांचं हसणं सांगायलाच हवं, कारण भिलाईत पुढची कितीतरी वर्षं मी ते ऐकलं. आधी खांदे हलायचे, मग आवाज यायचा, आणि तो आला की शेजारच्या वेल्डिंगवाल्याचं काम थांबायचं. त्यात टोमणा नसायचा. आपली चूक निघाली तरी त्या तितक्याच जोरात हसायच्या. हसून झाल्यावर त्यांनी भिंतीवरचा माझा मायक्रोमीटर उतरवून घेतला आणि त्यानं मोजलं. तीस.

"आता दोघांचंही बिघडलं म्हणशीन?" त्या म्हणाल्या. "अरे, बुद्धानं सांगतलं, मी म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पाहा. आता बुद्धाचंच असं आहे, त मी तुया लेबलचं कावून मानू?"

मला वाटलं, बाई आता रीळ परत करतील. त्यांनी तेच रीळ उचललं. "तीस चालते मले. काय घेऊन चालली, ते मालूम पाहिजे बस."

"एवढी तार कशाला पण?"

"वीज पाडाची आहे. घरी."

घर म्हणजे सेक्टर दहाचं क्वार्टर. पुढे मी तिथे इतक्या वेळा गेलो की त्यांचा कुत्रा मला भुंकायचा बंद झाला. मॅडम एकट्या राहत, मुलगी नागपूरला नोकरीत. दारात पपईचं झाड, त्याच्या बुंध्यावर खडूच्या खुणा: कोणत्या पंधरवड्यात किती वाढलं. चहात थर्मामीटर. पाहुण्याला त्या विचारत, "किती गरम पेता?" आणि पाहुणा "साधा" म्हणाला की म्हणत, "साधा म्हणजे किती?" भाजीवाला म्हणाला, "ताजी आहे, ताई," की, "कधी तोडली?" नातेवाईक म्हणाले, "पोरगी गोरी आहे," की, "कोणाच्या शेजारी उभी केली त?" अंदाजपंचे बोलणारा माणूस दिसला की त्यांना खाऊ मिळाल्यासारखं व्हायचं. पण त्या कोणाला खोटारडा म्हणत नसत. फक्त विचारत, "मोजलं का?" आणि समोरचा अडखळला की स्वतःच उठून पट्टी आणत.

क्वार्टरच्या मागे पत्र्याची शेड होती. तिथे त्या टेस्ला कॉइल बांधत होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक पुरुषभर उंचीचा प्लास्टिकचा पाइप, त्यावर बारीक तारेचे हजारभर वेढे, एकाला एक चिकटून. माथ्यावर ॲल्युमिनियमचं मोठं गोल कडं, सायकलच्या ट्यूबसारखं. खाली जाड तांब्याचे मोजके वेढे. खालच्या वेढ्यांत विजेचे झटके दिले की वरच्या कड्यातून जांभळ्या विजेच्या फांद्या हवेत फुटतात. आवाज असा, की टिनावर कोणी मूठभर खडे सतत फेकून राहिलंय. याचा उपयोग काय? मीही हेच विचारलं होतं.

"उपयोग पपईचा असते," मॅडम म्हणाल्या. "हे पाहासाठी आहे."

तार मीच गुंडाळून दिली, हथखोजच्या माझ्या लेथवर. पाइप गोल फिरतोय, बोटाखालून तार सरकतेय. आयुष्यात इतकं देखणं वाइंडिंग मी केलं नव्हतं. मॅडम आल्या, भिंग काढलं, वरून खाली बोट फिरवत आल्या आणि मध्यावर थांबल्या. "इथं एक वेढा दुसऱ्यावर चढला."

"एकानं काय होते?"

"इथूनच जळन."

मी चिडून अख्खं उलगडलं आणि पुन्हा गुंडाळलं. रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "कोणत्या कंपनीची मोटर आहे?" मी म्हणालो, "मोटर नाही, वीज आहे."

कॉइल पहिल्यांदा चालवली त्या दुपारी एक गंमत झाली. या जुन्या क्वार्टरांमध्ये अर्थिंग म्हटलं की नळाचा लोखंडी पाइप, हे सगळ्यांना पाठ. मीही सवयीनं कॉइलची अर्थची तार नळाला बांधली. मॅडमनी खटका दाबला, कड्यातून हातभर वीज निघाली, आम्ही दोघं ओरडलो, आणि तेवढ्यात शेजारच्या साहूबाई हातात भांडी घासायचा चोथा घेऊन धावत आल्या. "दीदी! मोर नल म करंट आथे!" त्यांच्या नळात करंट येत होता.

मॅडमनी खटका बंद केला. दुसरी कोणी असती तर घाबरली असती, नाहीतर उडवून लावलं असतं. मॅडमनी आधी साहूबाईंचा हात पाहिला, त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, "किती झटका? मुंगी चावल्यासारखा का विंचू?"

"चांटी असन," साहूबाई म्हणाल्या. म्हणजे मुंगीसारखा.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या, आणि तेव्हा मात्र हसू नव्हतं. "हेमराज, नळ साऱ्या लाइनीचा असते. आजपासून आपला खड्डा आपला." दुसऱ्या दिवशी आम्ही शेडमागे मीठ-कोळसा भरून अर्थिंगचा वेगळा खड्डा केला. तो झाल्यावर, कॉइल चालू असताना, पहिल्यांदा नळ साहूबाईंनीच सोडून पाहिला. मॅडमनी त्यांना तसं करायला लावलं नव्हतं, पण त्या स्वतः हो म्हणेपर्यंत कॉइलला हातही लावला नाही.

अशी वर्षं गेली. मग मॅडमच्या निवृत्तीची वेळ आली. प्लांटची नोकरी संपली की क्वार्टर सोडायचं, हा भिलाईतला नियम कोणाला नवा नाही. शेड पाडायची, कॉइल खोलायची, मुलीकडे नागपूरला फ्लॅटमध्ये जायचं. फ्लॅटमध्ये कोण वीज पाडू देणार? एका संध्याकाळी पपईखाली बसून त्या म्हणाल्या, "हेमराज, एकदा साऱ्या सेक्टरले दाखवाची आहे. मंग खोलू."

मी त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

जागा एकच होती. भीमजयंतीच्या संध्याकाळी मैदानात मांडव पडतो, सगळा सेक्टर जमतो. जयंती समितीचे अध्यक्ष गजभिये काका, रेल्वेतून निवृत्त, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. मी मॅडमना घेऊन गेलो. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वेळ तर भाषण-गाण्यातच सरते. दुसरीकडं पोट्ट्यांनी आठ लाख व्होल्टांचा असाच खेळ दाखवला म्हणे. तुमचा किती व्होल्टचा?"

"दहा लाख," मी तोंड उघडलं.

"मालूम नाई," मॅडम त्याच क्षणी म्हणाल्या.

काकांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. "ठरवा. मोठा असंन त कार्यक्रमात घेतो. लहान असंन त गाण्याले वेळ देतो."

बाहेर आल्यावर मी भडकलो. "मॅडम, हिशेब सीधा आहे! सेंटीमीटरले दहा हजार, असं सगळे धरतात. आपली वीज मीटरभर जाते. झाले ना दहा लाख?"

"लांबीवरून व्होल्टेज नाई निंघत, बाबू. एक ठिणगी जाते, हवा गरम करते. दुसरी तिच्याच वाटेनं थोडी पुढं जाते. तिसरी आणखी पुढं. शेताच्या धुऱ्यावरून रोज माणसं गेली की पायवाट लांब होते, त्यात एका माणसाची ताकद थोडी वाढली?"

"मग कशानं निंघते?"

"मोजून."

पण मीटर लावून हे मोजता येत नाही. मीटरची तार वरच्या कड्याला टेकवली तर मीटर जळेल, आणि जळला नाही तरी त्या तारेनंच कॉइलचा सूर बिघडेल. म्हणून मॅडमनी दोन साक्षीदार ठरवले. पहिला साक्षीदार म्हणजे एक पितळी थाळी, कॉइलपासून दूर उभी केलेली. कड्यावरचा दाब वाढला की न शिवताच थाळीत त्याची चाहूल लागते. किती चाहूल म्हणजे किती दाब, हे आधी कड्याला मोजलेलं छोटं व्होल्टेज देऊन त्यांनी बसवून घेतलं होतं. दुसरा साक्षीदार अंगठी. कॉइलच्या बुडातून अर्थला जाणारी तार वेगळ्या तारेचे वेढे घातलेल्या एका जाड अंगठीतून ओवायची. तारेतून जितका करंट जाईल तितका इशारा अंगठी देणार, आणि त्यावरून व्होल्टेज काढायचं.

"दोघंही सारखं बोलले त खरं," त्या म्हणाल्या. "एकटा साक्षीदार म्हणजे नातेवाईक."

मी हथखोजहून जाळीचा पिंजरा वेल्ड करून आणला, आत खुर्ची मावेल एवढा. तो अर्थला बांधला की बाहेरून वीज आदळली तरी आतला माणूस सुरक्षित. मॅडम विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा, बॅटरीवरचा ऑसिलोस्कोप मांडीवर घेऊन आत बसल्या. अंधारासाठी शेडच्या फटी पोत्यांनी बंद. मी खटका दाबला. वीज कडाडली, एक फांदी पिंजऱ्याच्या जाळीवर नाचली, आणि आतून आवाज आला, "अंगठी बोलते! बाप्पा, अंगठी लय मोठं बोलते!"

बंद करून त्यांनी हिशेब केला. नऊ लाखांच्या घरात!

मी थांबलो नाही. चौकात जाऊन जिलेबी घेतली, साहूबाईंना दिली, कुत्र्याला दिली, गजभिये काकांना फोन केला, बॅनरवाल्याला फोन केला. परत आलो तर मॅडम एका हातानं जिलेबी खात होत्या आणि दुसऱ्या हातानं अंगठीतून तार बाहेर काढत होत्या.

"काय करून राहिल्या?"

"रिकामी पाहते. तार नाई, करंट नाई, त आकडा शून्य आला पाहिजे." त्या पिंजऱ्यात जाऊन बसल्या. "लाव खटका."

मी लावला. अंगठी रिकामी, नुसती लटकलेली. मग जाळीआड खांदे हलताना दिसले आणि तो हसण्याचा स्फोट झाला. "हेमराज! रिकामी अंगठी पण तेवढंच बोलून राहिली! हा साक्षीदार विकत घेतलेला आहे!"

कॉइलभोवतीच्या हवेतला दाब सरळ अंगठीच्या तारेत शिरत होता. थाळी पहिल्यापासून फार कमी सांगत होती. अंगठीच्या आनंदात आम्ही तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. मी हातातली जिलेबी कागदावर परत ठेवली. मॅडमनी मात्र कागद चाटूनपुसून साफ केला. "खोटं सापडलं, म्हणून गोड लागून राहिली."

अंगठीला आवरण हवं होतं. मी बिस्किटांचा टिनाचा डबा आणला आणि अंगठी त्यात पूर्ण बंद केली. आकडा मेलाच. चहूबाजूंनी जोडलेला डबा स्वतःच एक वेढा होऊन बसतो आणि खरा करंटही गिळतो, असं मॅडम म्हणाल्या. मी करवतीनं डब्याला आडवी फट मारली. आता रिकामी अंगठी गप्प झाली. तार ओवली की बोलू लागली. आणि थाळीशी तिचं जुळलं.

अडीच लाख.

मी पिंजऱ्याशेजारी उकिडवा बसलो आणि आयुष्यभर जे करत आलो ते सुरू केलं. "मॅडम, काकांले नऊ सांगितलं मी. बॅनर छापाले टाकला."

"कोणी सांगतलं होतं छापाले?"

"ठीक आहे. नऊ नाई. आठ म्हणा. त्यांच्या बरोबरीनं."

"अडीच."

"सहा. आपला माल आहे, आपणच पडतं घेतो."

"अडीच."

"पाच! ना तुमचं ना माझं. दुप्पटच तर होते. कोण पाहाले येते?"

"मी येते ना पाहाले," त्या म्हणाल्या.

"मॅडम, अडीचनं वेळ भेटत नाई. वेळ नाई त कॉइल न दाखवता खोलावी लागते. तुमचीच कॉइल आहे, माही नाही!"

त्यांनी ऑसिलोस्कोप मांडीवरून खाली ठेवला. जाळीतून माझ्याकडे पाहिलं. "मंग नाई दाखवत," म्हणाल्या. "खोटा आकडा लावून दाखवली त लोक आकडा पाहतीन. कॉइल तशीच राहून जाईन."

मी स्कूटर काढली आणि रागानंच गजभिये काकांकडे गेलो. राग त्यांच्यावर नव्हता, पण बाहेर कुठेतरी काढायला हवा होता.

"अडीच?" काका म्हणाले. "सकाळी नऊ होते!"

"सकाळी मोजलं नव्हतं."

"मंग आठवाल्यांचं मोठं झालं ना."

"त्यांनी मोजलं का?" मी ओरडलो. तोंडातून वाक्य निघालं आणि ते कोणाचं आहे हे मला कळलं, पण आता थांबता येत नव्हतं. "काका, मी धंदेवाला माणूस. न तोललेला माल कोणीही कितीचाही सांगते. तोललेला माल या गावात एकच आहे. काट्यावर चढवून, दोन साक्षीदार लावून. बाबासाहेबांच्या जयंतीले तुमी न मोजलेले आठ दाखवाल का मोजलेले अडीच?"

काकांनी एक पेन काढलं, टोपण लावलं, परत खिशात ठेवलं. "लोकांसमोर मोजून दाखवतीन का बाई? तिथंच, मांडवात?"

हे माझ्या हिशेबात नव्हतं. माणसांच्या गर्दीत आकडा काय येईल, येईल तरी का, कोणाला ठाऊक? आला नाही तर कॉइलही गेली आणि मॅडमचा शब्दही. मी म्हणालो, "विचारून सांगतो."

मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "आणखी काय पाहिजे?" आणि टाळीसाठी हात पुढे केला.

बॅनर मी नवीन छापला: मोजलेले अडीच लाख व्होल्ट! "मोजलेले" हा शब्द "अडीच"पेक्षा मोठा. मांडवाच्या त्या बाजूला खांब कमी पडत होते, म्हणून माझ्या वर्कशॉपमधले लोखंडी खांब आणून मीच उभे केले, बॅनर उंच दिसावा म्हणून. सकाळी मॅडमनी मैदानात अर्थचा खड्डा केला, थाळी पुन्हा बसवून घेतली, दोरी बांधून लोकांची हद्द आखली. दोरी ओलांडायला निघालेल्या एका पुढाऱ्याला त्यांनी मागे सारलं. "साहेब, ही वीज पार्टी पाहत नाई."

दिवस मावळला. मांडवातले दिवे मालवले. पांढरी साडी, निळी किनार, मांडीवर ऑसिलोस्कोप आणि हातात माईक, अशा मॅडम पिंजऱ्यात बसल्या. मी खटका दाबला.

सेक्टर दहानं त्याआधी प्लांटच्या भट्टीचा उजेड पाहिला होता, आकाश रोज लाल होताना पाहिलं होतं. पण ही जांभळी झाडं डोळ्यांसमोर उगवताना आणि मिटताना कोणी पाहिली नव्हती. एक फांदी पिंजऱ्यावर उतरली, जाळीवर बोटं फिरवल्यासारखी फिरली, आणि आत मॅडम खाली मान घालून आकडा वाचत होत्या. लेकरं किंचाळत होती. साहूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "मोर नल म घलो आय रहिस!" माझ्याही नळात आली होती! गजभिये काकांचा हात खिशातल्या पेनांवर होता.

मी खटका बंद केला. माईक खरखरला.

"थाळी आणि अंगठी, दोघीही एकच सांगतात," मॅडम म्हणाल्या. "दोन लाख तीस हजार."

मी जागेवरून ओरडलो, "अडीच!"

"दोन तीस, हेमराज."

"बॅनरवर अडीच आहे!"

"बॅनरनं मोजलं का?"

मांडव हसायला लागला. मी अजून ओरडतोय, "शेडमध्ये अडीच आले होते, दोघींनी सांगतलं होतं!" आणि मॅडम माईकवरून समजावून सांगतायत, जसं काही हे भाषणच ठरलेलं होतं: "बरोबर. तिथं अडीच होते. इथं कॉइलजवळ लोखंडी खांब आले, त कॉइलचा सूर थोडा हलला. खांब कोणी लावले?"

सगळ्या मांडवानं माझ्याकडे पाहिलं. मग टाळ्या सुरू झाल्या. त्या कोणासाठी होत्या ते मला आजही ठाऊक नाही. काका उभे राहिले आणि म्हणाले, "पुन्हा लावा!" गाण्यांचा वेळ गेला तरी कोणी तक्रार केली नाही. पुन्हा लावली, पुन्हा मोजली, पुन्हा दोन तीस. तिसऱ्यांदा तर आकडा पब्लिकच ओरडत होती.

माझं म्हणणं तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे. खांब माझे असतील, कॉइल तर अडीचचीच होती. वस्तूची किंमत वस्तूवर ठरते, शेजाऱ्यावर नाही. हे वीस हजार मॅडमकडे माझे निघतात.

कॉइल आम्ही दोघांनी मिळून खोलली. क्वार्टर रिकामं झालं त्या सकाळी दारात टेम्पो उभा होता. वर सामानाच्या ढिगावर दोरीनं बांधलेलं ॲल्युमिनियमचं कडं, उन्हात चमकत. पपईवरची शेवटची खूण मॅडमनी करून घेतली आणि खडू साहूबाईंच्या हातात दिला. मला "जय भीम" म्हणाल्या. मीही म्हणालो. मग ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसल्या.

टेम्पो हलला तसा मी बाजूनं चालू लागलो. "मॅडम, जाता जाता तरी कबूल करा. खांब नसते त अडीच होते."

खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. दोन बोटं वर झाली. ती तशीच राहिली. टेम्पो सेक्टरच्या वळणाशी पोचला, आणि तिसरं बोट वर आलं, अर्ध्यात दुमडलेलं.

अडीच!

मी रस्त्याच्या मधोमध धावलो आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडलो, "मॅडम! मोजलं का?"

टेम्पो वळला. कडं एकदा चमकलं, आणि भिंतीपलीकडून ते हसणं ऐकू आलं.